अंदाजपत्रकाच्या बांधावरची वहिवाट

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातला कुणी बडा अधिकारी शस्त्रकंपनीत रुजू झाला, किंवा कंपनीचा माणूस खात्यात आला, की दोन ठरलेली भाषणे सुरू होतात. पहिल्या भाषणात सगळे विकले गेलेले असतात. दुसऱ्यात वक्ता विचारतो, क्षेपणास्त्रांतले कळणारी माणसे मग आणायची तरी कुठून, भाजी मंडईतून? २००९ मध्ये उपसंरक्षणमंत्री झालेल्या विल्यम लिन यांच्या वेळी हे झाले, २०१९ मध्ये संरक्षणमंत्री झालेल्या मार्क एस्पर यांच्या वेळी झाले, आणि पुढचे नाव आले की पुन्हा होईल. आपल्याकडचे चर्चक ही दोन्ही भाषणे जशीच्या तशी उचलतात, वर फक्त बोफोर्सची फोडणी घालतात.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत दिसते. काही काळेबेरे असेलच तर ते कंत्राटात असेल. एक बाजू कंत्राटात लाच शोधते, दुसरी बाजू निविदेचे कागद दाखवून हात झटकते. मला वाटते, शोध चुकीच्या खोलीत चालला आहे. कंत्राट निघण्याच्या कितीतरी आधी, पैसा कशासाठी ठेवायचा हे ठरलेले असते. आणि ते ठरवणाऱ्या माणसांच्या पुढच्या नोकरीकडे कायद्याचे फारसे लक्षच नाही. अंदाजपत्रक बांधणाऱ्यांवर कंत्राट देणाऱ्यांपेक्षा कडक बंधने हवीत. आज नेमके उलटे आहे.

पैसा ठरतो कसा, हे आधी पाहू. १९६१ मध्ये फोर्ड मोटर कंपनीचे अध्यक्षपद सोडून रॉबर्ट मॅक्नमारा संरक्षणमंत्री झाले. त्यांनी रँड या संस्थेतले अर्थतज्ज्ञ चार्ल्स हिच यांना कॉम्प्ट्रोलर केले, म्हणजे आपल्या भाषेत खात्याचे फडणीस. खर्च ठरवण्याची जी रीत या दोघांनी बसवली तिचाच वंश आजही पेंटागॉनमध्ये नांदतो: आधी गरजा मांडायच्या, मग पाच वर्षांचा कार्यक्रम आखायचा, त्यातून वर्षाचे अंदाजपत्रक काढायचे आणि शेवटी खर्च करायचा. एखादे विमान, रडार किंवा क्षेपणास्त्र या पंचवार्षिक तक्त्यात एक ओळ म्हणून शिरते. एकदा ओळ शिरली, की पुढे निविदा कितीही सचोटीने निघो. निविदा ठरवते फक्त ‘कुणाकडून’. ‘घ्यायचे की नाही’, ‘किती’ आणि ‘किती वर्षे’ हे ओळीनेच ठरवून टाकलेले असते. शिवाय पुष्कळदा ती वस्तू बनवणारी कंपनी देशात एकच असते, तेव्हा ‘कुणाकडून’ हा प्रश्नही ओळीतच मिटतो. २०२५ या आर्थिक वर्षासाठी पेंटागॉनने मागितलेली रक्कम सुमारे ८५० अब्ज डॉलर होती. ती अशाच हजारो ओळींची बेरीज. माझे एक मामा पुण्यात डिफेन्स अकाउंट्समध्ये होते. ते म्हणत, बिल पास करणाऱ्याला लोक साहेब म्हणतात, पण ज्या हेडखाली पैसा पडतो ते हेड उघडणारा खरा साहेब.

आता लिन यांचा प्रवास पाहा. १९९७ ते २००१ ते पेंटागॉनचे कॉम्प्ट्रोलर होते. २००२ मध्ये ते रेथिऑन या क्षेपणास्त्रे आणि रडार बनवणाऱ्या कंपनीत वरिष्ठ उपाध्यक्ष झाले. काम होते सरकारदरबारी कंपनीची बाजू मांडण्याचे, आणि त्यासाठी त्यांची लॉबिस्ट म्हणून रीतसर नोंद होती. २१ जानेवारी २००९ रोजी, पदावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ओबामांनी आदेश काढला: ज्या खात्यात गेल्या दोन वर्षांत लॉबिंग केले त्या खात्यात नेमणूक नाही. आणि शाई वाळण्याआधी लिन यांच्यासाठी त्यातून सूट काढली. सिनेटने ९३ विरुद्ध ४ मतांनी त्यांना उपसंरक्षणमंत्री केले, म्हणजे खात्याचा रोजचा कारभार आणि अंदाजपत्रकाची शेवटची घासाघीस ज्याच्या टेबलावर होते ती खुर्ची. २०११ च्या शरदात ते बाहेर पडले आणि २०१२ च्या जानेवारीत डीआरएस टेक्नॉलॉजीज या संरक्षण कंपनीचे प्रमुख झाले. ही कंपनी तेव्हा इटलीच्या फिनमेकॅनिकाची होती. नाव ओळखीचे वाटेल. आपल्या व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टर प्रकरणातल्या ऑगस्टावेस्टलँडची मालक तीच. त्या प्रकरणाशी लिन यांचा काही संबंध नाही, हेही लगेच सांगतो. मुळात त्यांच्या साऱ्या प्रवासात एकही बेकायदा पाऊल कुणी दाखवलेले नाही. माझ्या दृष्टीने या उदाहरणाचे मोल तिथेच आहे.

दुसऱ्या बाजूचे मुद्दे कच्चे नाहीत. त्यांच्यातला सगळ्यांत जड मुद्दा असा: लिन उपमंत्री असतानाच संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी एफ-२२ विमानांची खरेदी १८७ वर थांबवली, आणि इतरही बड्या योजनांना कात्री लावली. माजी लॉबिस्ट कारभारी असूनही उद्योगाची गाडी अडली, तर मग दोष माणसाच्या जुन्या नोकरीचा कसा? दुसरे उदाहरण डेव्हिड नॉर्क्विस्ट यांचे. ते २०१७ मध्ये कॉम्प्ट्रोलर झाले आणि २०१८ मध्ये त्यांनी पेंटागॉनचे इतिहासातले पहिले संपूर्ण लेखापरीक्षण करून घेतले. खाते त्यात नापास झाले, २०२४ पर्यंत सलग सात वेळा नापास झाले. पण निदान परीक्षेला बसले ते या माणसामुळे. पुढे ते उपमंत्री झाले, आणि २०२२ मध्ये नॅशनल डिफेन्स इंडस्ट्रियल असोसिएशन या उद्योगांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. यात लाज वाटावी असे त्यांनी काय केले? तिसरा मुद्दा पोटाचा. आपल्याकडचा सचिव साठीला पेन्शन घेऊन घरी जातो. अमेरिकेतला कॉम्प्ट्रोलर राजकीय नेमणुकीचा असतो. राष्ट्राध्यक्ष बदलला की पन्नाशीतला माणूस एका दुपारी बेकार. तीस वर्षे त्याने फक्त संरक्षणाचे अंदाजपत्रक केले आहे. त्याने आता बेकरी काढावी काय?

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण ते कुणाला उत्तर देतात? ‘माणसे विकली जातात’ म्हणणाऱ्याला. मी ते म्हणतच नाही. एफ-२२ थांबले हे खरे, पण ते थांबवायला मंत्र्याला उघड भांडण करावे लागले, राष्ट्राध्यक्षांना व्हेटोची धमकी द्यावी लागली. एवढी ताकद वर्षाला एखाद्या विमानावर खर्च करता येते. उरलेल्या हजारो ओळींवर भांडण होतच नाही. ओळ पुढच्या वर्षी तशीच उचलायची, दहा टक्के कापायची, की पुढे ढकलायची, हे कुठल्याशा बैठकीत, कॉफीच्या कपांमध्ये, सहज ठरते. तिथे लाचेची गरज नसते. समोरच्या टेबलावर काल आपला साहेब होता आणि उद्या कदाचित आपण बसू, एवढी जाणीव पुरते. ती जाणीव माणसाला बेइमान करत नाही, फक्त सौम्य करते. सौम्य हिशेबनीस घरात चालतो. ८५० अब्जांवर तो महाग पडतो.

आणि कायदा? तो वाचला की गंमत कळते. केंद्रीय अधिकाऱ्याने नोकरी सोडल्यावर काय करू नये याचे मुख्य कलम आयुष्यभराची बंदी घालते, पण कशावर? ज्या विशिष्ट प्रकरणात त्याने स्वतः भाग घेतला, आणि ज्यात विशिष्ट पक्ष होते, त्या प्रकरणात सरकारसमोर दुसऱ्याची बाजू मांडण्यावर. कंत्राटाला पक्ष असतात: एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला कंपनी. अंदाजपत्रकाला पक्ष नसतात. ते धोरण समजले जाते. म्हणजे बारा ट्रकांचे कंत्राट सही करणारा कारकून त्या ट्रकांबद्दल जन्मभर बांधला गेला, आणि देशात ट्रक घ्यायचे की रणगाडे हे ठरवणारा त्या कलमातून सुटला. वरिष्ठांसाठी जुन्या खात्याशी संपर्काची वर्षभराची बंदी आहे, आणि २०१७ च्या अखेरीच्या कायद्याने अगदी वरच्या फळीसाठी ती दोन वर्षांवर नेली, पडद्याआडची तयारीही त्यात धरली. चांगलेच झाले. पण ही बंदी आहे संरक्षण खात्यात लॉबिंग करण्यावर. पैशाची थैली ज्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हातात आहे, तिथे हाच माणूस दुसऱ्या दिवशी जाऊ शकतो. उलट, हाउसच्या, म्हणजे त्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, समितीवर संरक्षणाच्या तरतुदी लिहिणारा वरिष्ठ कर्मचारी वर्षभर आपल्या जुन्या समितीकडे फिरकू शकत नाही, पेंटागॉनमध्ये मात्र पहिल्या सकाळपासून त्याचे स्वागत. दोघांनी नुसती जागांची अदलाबदल करायची. कुलूप प्रत्येकाच्या स्वतःच्या घराला आहे, शेजारच्याचे दार सताड उघडे.

यात काय पिकू शकते हे पीएमए ग्रूप या लॉबिंग कंपनीच्या कहाणीत दिसते. हिचे संस्थापक पॉल मॅग्लिओकेटी पूर्वी हाउसच्या तरतूद समितीच्या संरक्षण उपसमितीचे कर्मचारी होते. अंदाजपत्रकात खासदाराच्या शिफारशीने घुसवलेल्या छोट्या रकमा, म्हणजे ‘इअरमार्क’, कशा आणि केव्हा बसतात हे त्यांना तोंडपाठ. १९८९ मध्ये लॉबिंग कंपनी काढली आणि वीस वर्षे ती वॉशिंग्टनमधल्या मोठ्या पेढ्यांपैकी एक होती. नोव्हेंबर २००८ मध्ये एफबीआयने छापा घातला, २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि २०११ मध्ये मॅग्लिओकेटींना २७ महिन्यांची कैद झाली. कशाबद्दल? नातेवाइकांच्या आणि ओळखीपाळखीच्यांच्या नावाने निवडणूक देणग्या दिल्याबद्दल. समितीतून बाहेर येऊन त्याच समितीकडून गिऱ्हाइकांसाठी ओळी मिळवणे हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा मात्र कायदेशीरच होता. देणग्या नियमात बसवल्या असत्या, तर कदाचित ती पेढी आजही चालू असती.

लोक उदाहरण देतात ते मात्र नेहमी डार्लीन ड्रुयन यांचे. हवाई दलाच्या खरेदीतल्या या वरिष्ठ अधिकारी. बोइंगकडून शंभर टँकर विमाने, म्हणजे हवेतच इंधन भरणारी विमाने, भाड्याने घेण्याच्या सुमारे २३ अब्ज डॉलरच्या सौद्याची बोलणी त्या करत होत्या आणि त्याच वेळी बोइंगचे अर्थप्रमुख मायकेल सीअर्स यांच्याशी स्वतःच्या नोकरीचीही. मुलगी आणि जावई आधीच बोइंगमध्ये. २००३ च्या जानेवारीत त्या रुजू झाल्या, नोव्हेंबरात दोघांना काढले, महिनाभरात बोइंगचे प्रमुख फिल कॉन्डिट यांनी राजीनामा दिला. ड्रुयन यांना नऊ महिने कैद, सीअर्स यांना चार. टँकरची किंमत आपण बोइंगला जाताजाता दिलेली भेट होती, असे त्यांनी न्यायालयापुढे कबूल केले. प्रकरण खरे आणि भयंकर आहे. पण त्याने चर्चेचे नुकसानच केले, असे मला वाटते. ड्रुयन यांच्यामुळे सगळ्यांची समजूत झाली, की असला गुन्हा सापडतो आणि शिक्षा होते. तो सापडला कारण त्याला तारीख होती, ईमेल होते, एक कंत्राट आणि दोन माणसे होती. ज्याला यातले काहीच नाही त्याचे काय करायचे? शिवाय, २०११ मध्ये नव्या स्पर्धेत १७९ टँकरांचे कंत्राट अखेर बोइंगलाच मिळाले. निविदा स्वच्छ होती. ओळ तीच होती.

अमेरिकन लोक या येण्याजाण्याला ‘फिरते दार’ म्हणतात. मला ती उपमा पटत नाही. दार म्हटले की एक माणूस, एक क्षण डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे शेताच्या बांधावरून लोक वर्षानुवर्षे चालत राहिले की वहिवाट पडते, आणि मग मालकाने कुंपण घातले तर तोच कोर्टात आरोपी ठरतो. पेंटागॉन आणि कंपन्या यांच्यामध्ये अशी वहिवाट पडली आहे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात लष्कर आणि उद्योग यांच्या युतीबद्दल बजावले, हे सगळे सांगतात. त्यानंतर आठ वर्षांनी, १९६९ मध्ये, विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी डोकी मोजली: शंभर बड्या कंत्राटदारांकडे कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचे २,०७२ निवृत्त अधिकारी. दहा वर्षांपूर्वीच्या अशाच मोजणीत ८८ कंपन्यांत ७२१ होते. म्हणजे इशाऱ्यानंतरच गर्दी वाढली. अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाने २०१९ सालासाठी मोजले तेव्हा फक्त चौदा कंपन्यांत खात्यातले आणि खरेदीतले १,७१८ माजी वरिष्ठ सापडले. हिशेबाच्या रीती वेगळ्या, थेट तुलना करू नये. पण एवढ्या पायांखाली गवत उगवत नाही, इतके तर कळते. कुंपणाचे म्हणाल तर राष्ट्राध्यक्षांची शपथपत्रे आहेत. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये आपल्या नेमणुकांकडून पाच वर्षे लॉबिंग न करण्याची सही घेतली, आणि २०२१ मध्ये पद सोडता सोडता स्वतःच ती रद्द केली.

मग माणसांना आयुष्यभरासाठी खात्यातच डांबायचे काय? तेही करून पाहिलेले आहे, आणि आपणच केले आहे. मराठी राज्यात मामलेदारावर, किल्लेदारावर, पुढे सरंजामी सरदारांवरही वरून दरकदार नेमले जात: मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस. सरदार फौज बाळगी, पण त्या फौजेचा हिशेब ठेवणारा सरदाराचा नोकर नसे. सरदाराला त्याला काढता येत नसे, आणि त्याच्या सहीवाचून कागद पुरा होत नसे. गणतीला उसनी घोडी उभी करून पूर्ण पथकाचा पैसा उचलायचा, ही युक्ती तेव्हाही होती, म्हणून हा बंदोबस्त. यातली समज फार पक्की होती: खर्च करणाऱ्याची आणि हिशेब ठेवणाऱ्याची भाकरी वेगळ्या चुलीवर हवी. पुढे काय झाले? दरक वंशपरंपरेने चालू लागले. बापाच्या जागी मुलगा, मुलाच्या जागी नातू, आणि पन्नास वर्षे एकाच सरदाराच्या वाड्यात राहिलेला फडणीस कुणाचा होतो ते सांगायला नको. म्हणून ‘बाहेर जाऊच देऊ नका’ म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. हवा खेळती हवीच. प्रश्न मध्ये किती अंतर ठेवायचे एवढाच आहे.

हे अंतर आपल्या घटनाकारांना बरोबर कळले होते. कॅगच्या पदाला, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकाला, कलम १४८ सांगते की पद सोडल्यावर केंद्राच्या किंवा राज्याच्या सरकारात पुढची कुठलीही जागा त्याला घेता येणार नाही. घटना समितीत आंबेडकरांनी हा अधिकारी कदाचित घटनेतला सर्वांत महत्त्वाचा असल्याचे म्हटले होते. हे पोटकलम लिहिणाऱ्यांनी महालेखापरीक्षक चोर असतील असे गृहीत धरले नव्हते. उद्याची खुर्ची ज्याच्या हातात, त्याच्याबद्दल आज लिहिताना पेन जड होते, एवढे त्यांना ठाऊक होते. फक्त त्यांच्या काळी ती खुर्ची देणारे एकच होते, सरकार. आज कंपन्याही देतात, आणि त्याबद्दल कलम गप्प आहे. इतर वरिष्ठ केंद्रीय अधिकाऱ्यांना खासगी नोकरीआधी परवानगी घेण्याची मुदत पूर्वी दोन वर्षे होती, ती आपण एक वर्षावर आणली. लॉबिंगचा तर कायदाच नाही, त्यामुळे आपल्याकडे लॉबिस्ट नसतात, सल्लागार असतात. अमेरिकेत निदान माणसे मोजतात आणि आकडा छापतात. लाच शोधण्याच्या नादात आपण इथेही त्याच चुकीच्या खोलीत बसलो आहोत, फरक इतकाच की आपल्या खोलीत दिवा नाही.

तर अमेरिकेसाठी माझी मागणी काय? ज्याने खात्यात किंवा काँग्रेसच्या समितीत संरक्षणाच्या ओळी हाताळल्या, मग तो उपमंत्री असो की मधल्या फळीतला विश्लेषक, त्याने त्या ओळींवर जगणाऱ्या कंपन्यांचे आणि त्यांच्या संघटनांचे काम चार वर्षे करू नये. चार का? पंचवार्षिक तक्ता तेवढ्या काळात बहुतेक सगळा नवा होतो, म्हणून. त्याने बांधलेल्या ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतील. बंदी खाते आणि काँग्रेस दोन्हीकडे लागू हवी, आणि ती कायद्यात हवी, शपथपत्रात नको. बदल्यात सरकारने त्याला या काळात अर्धा पगार द्यावा. यावर लोक दचकतात: नोकरी सोडलेल्याला फुकट पैसे? पण पोटाचा मुद्दा मी वर मान्य केला आहे, आणि मान्य केलेल्या मुद्द्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत विमानाच्या सुट्या भागांच्या एखाद्या ओळीहूनही लहान असेल. येताना हाच नियम उलट लावावा. एस्पर सात वर्षे रेथिऑनचे मुख्य लॉबिस्ट होते. जुलै २०१९ मध्ये सुनावणीत सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांना विचारले, रेथिऑनच्या बाबींपासून संपूर्ण कार्यकाळ दूर राहाल काय? त्यांनी नकार दिला, आणि सिनेटने त्यांना ९० विरुद्ध ८ मतांनी मंत्री केले.

अशा अटीवर माणसे येणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप. माइक मॅकॉर्ड २०१४ ते २०१७ कॉम्प्ट्रोलर होते. सरकार बदलल्यावर ते स्टेनिस सेंटर या सार्वजनिक सेवेसाठी असलेल्या छोट्या संस्थेत गेले, तिथे नागरी-लष्करी कार्यक्रमांचे काम पाहिले, आणि २०२१ मध्ये त्याच खुर्चीवर परत आले. त्यांच्यासाठी कुणाला सूट काढावी लागली नाही.